ढोलावर काय रंगवायचे?

मागच्या रविवारी विहारात जयंती मंडळाची बैठक होती. वर्गणीची पावती पुस्तके वाटून झाली, मंडपवाल्याच्या आगाऊ रकमेचा विषय झाला आणि मग आला ढोलाचा विषय. आमच्या तरुण पोरांनी यंदा स्वतःचे बँड पथक काढले आहे. डीजे नको, भाड्याची बेंजो पार्टी नको, आपणच वाजवू, असे त्यांचे म्हणणे. चांगले आहे. लग्नात वाजवणाऱ्या एका बँडवाल्याने धंदा बंद केला, त्याच्याकडून एक मोठा ढोल, तीन साइड ड्रम, दोन ट्रंपेट आणि एक क्लॅरोनेट असे सामान पोरांनी जुन्या भावात घेतले. ढोलावरचे जुने नाव घासून काढताना 'न्यू' एवढी अक्षरे मात्र शिल्लक राहिली. आता त्या पांढऱ्या चामड्यावर काय रंगवायचे? पेंटर दारात उभा होता आणि बैठक अडली ती त्या प्रश्नावर.

पोरांचे ठरलेले होते. एकाने मोबाईल पुढे केला. महार रेजिमेंटचा बिल्ला. एकमेकींवर तिरक्या ठेवलेल्या दोन मशीनगन, मध्ये खंजीर. "हाच पाहिजे. नुसता बघूनच लोक बाजूला होतील," असे तो म्हणाला. महिला मंडळाच्या अध्यक्षा, आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणतो, लगेच उठल्या. "मिरवणुकीत पुढे तथागतांची मूर्ती, मागे बाबासाहेबांची तसबीर, आणि त्याच्या पुढं बंदुका? पंचशील घेऊन आपण निघायचं आन् ढोलावर बंदुका?" पोरगा तापला. तो अग्निवीर भरतीच्या तयारीत आहे, पहाटे चार वाजता उठून पळतो. तो म्हणाला, "अक्का, बंदुकीची लाज वाटते का तुम्हाला? बाबासाहेबांचे वडील कोण होते?"

बैठक थंड झाली. प्रश्न खोटा नव्हता. खरे सांगायचे तर त्या क्षणी माझे मत पोराच्या बाजूचे होते. मंडळाचा हिशेब मी ठेवतो म्हणून माझ्याकडे सगळ्यांनी पाहिले, आणि मी नेहमीचा कारकुनी उपाय काढला, की विषय पुढच्या बैठकीवर ढकलू. पण कोपऱ्यातून आमचे बँडवाले काका म्हणाले, "पुढच्या बैठकीपर्यंत पेंटर थांबतोय का? तुम्ही संध्याकाळी घरी या. आधी बिल्ला बघा, मग रंगवा."

हे काका १९६६ साली महार रेजिमेंटमध्ये भरती झाले आणि तिथल्या मिलिटरी बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवत निवृत्त झाले. त्यांचे वडील त्याच रेजिमेंटमध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या काळात होते. काकांच्या घरी पत्र्याची एक ट्रंक आहे, आणि तिच्यात पानाच्या डबीमध्ये कापसावर दोन बिल्ले ठेवलेले आहेत. एक बापाचा, एक लेकाचा. संध्याकाळी मी, अक्का आणि तो भरतीवाला पोरगा असे तिघे गेलो. काकींनी चहा टाकला.

दोन्ही बिल्ले तळहातावर घेऊन बघितले तेव्हा पहिल्यांदा कळले की ते सारखे नाहीत. काकांच्या बिल्ल्यात दोन मशीनगनच्या मध्ये खंजीर आहे. वडिलांच्या बिल्ल्यात त्याच जागी एक उंच स्तंभ आहे. भीमा कोरेगावचा विजयस्तंभ. पोरगा बघतच राहिला. मोबाईलवर त्याने शंभर वेळा पाहिलेल्या बिल्ल्यात एके काळी आपला स्तंभ होता, हे त्याला माहीत नव्हते. खरे म्हणजे मलाही नव्हते. दरवर्षी १ जानेवारीला आपण लाखोंनी त्या स्तंभापुढे उभे राहतो, पण तो हिंदुस्थानी फौजेच्या टोपीवर बसला होता हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

म्हणून या वेळी सदरात ही चिन्हांची गोष्ट लिहितो आहे. घरातल्या मुलांना वाचून दाखवा.

इंग्रजीत ज्याला कोट ऑफ आर्म्स म्हणतात ती पद्धत युरोपात बाराव्या शतकात सुरू झाली. तिथले सरदार डोक्यापासून पायापर्यंत लोखंडात झाकलेले असत. चेहरा दिसत नसे, मग आपला कोण आणि परका कोण हे कळावे म्हणून ढालीवर आणि चिलखतावरच्या डगल्यावर खूण काढत. कुणाचा सिंह, कुणाचे गरुड, कुणाचे नुसते दोन रंगांचे पट्टे. ती खूण बापाकडून मुलाकडे जाऊ लागली आणि तिचे एक शास्त्रच झाले. पुढे चिलखते गेली, पण खूण राहिली. ती पलटणीच्या निशाणावर गेली, टोपीच्या बिल्ल्यावर गेली आणि बँडच्या ढोलावर गेली. ढोल पलटणीच्या पुढे चालतो, मोठा असतो, लांबून दिसतो. म्हणून इंग्रजांच्या पद्धतीच्या फौजांमध्ये मोठ्या ढोलावर पलटणीचे चिन्ह आणि ज्या लढाया तिने गाजवल्या त्यांची नावे रंगवतात. दिल्लीत २९ जानेवारीला विजय चौकात बीटिंग रिट्रीटचा सोहळा होतो तो टीव्हीवर आला तर ढोलांकडे नीट बघा. प्रत्येक ढोल म्हणजे त्या पलटणीची पाटीच असते.

आमच्या ऑफिसात साहेबाची सही कितीही झोकदार असली तरी खाली गोल शिक्का नसेल तर कागद परत येतो. चिन्हाचे काम तेच. हा कोण, कुणाच्या वतीने आला, त्याला हक्क काय, हे ते न बोलता सांगते.

आता एक गोष्ट आपण विसरू नये. खुणा आपल्या अंगावरही होत्या. त्या आपण निवडलेल्या नव्हत्या. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिसंहार' या ग्रंथात, म्हणजे त्यांच्या 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये, पेशवाईतल्या पुण्याची स्थिती लिहून ठेवली आहे. अस्पृश्य ओळखू यावा म्हणून मनगटात किंवा गळ्यात काळा दोरा. पावलांची माती झाडली जावी म्हणून कमरेला झाडू. थुंकी रस्त्यावर पडू नये म्हणून गळ्यात मडके. सरदाराच्या ढालीवर सिंह होता, आमच्या गळ्यात मडके होते. दोन्हींचा उद्देश एकच, लांबून ओळखू यावे. आणि गावकीतल्या महाराच्या हातात घुंगरकाठी असे. काठी वाजली की गावाला कळे, महार आला.

काकांना हे सांगितले तेव्हा ते हसले आणि म्हणाले, "आमच्या ड्रम मेजरच्या हातातही काठीच असते की." बँडच्या पुढे जो उंच गडी चालतो, त्याच्या हातात लांब दांडा असतो, वर चांदीसारखा चकाकणारा गोळा आणि त्यावर पलटणीचे चिन्ह. त्याने दांडा वर केला की सगळा बँड थांबतो, खाली आणला की सुरू होतो. काका म्हणाले, "माझा आजा घुंगरकाठी घेऊन पाटलाच्या वाड्यापुढं उभा राहायचा. मी सागरला पहिल्यांदा ड्रम मेजरच्या मागं उभा राहिलो तेव्हा मला आज्याची काठी आठवली. घरी आल्यावर बापाला सांगितलं. ते काही बोलले नाहीत. बिल्ला काढून पुसत बसले."

त्या बापाच्या बिल्ल्यावरचा स्तंभ तिथे कसा आला, हे थोडे मागे जाऊन सांगावे लागेल.

१ जानेवारी १८१८ रोजी भीमा नदीकाठी कोरेगावला कंपनी सरकारच्या बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्रीच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी बटालियन कॅप्टन स्टॉन्टनच्या हाताखाली पेशव्यांच्या कितीतरी मोठ्या फौजेशी दिवसभर लढली आणि हटली नाही. त्या बटालियनीत महार शिपाई मोठ्या संख्येने होते, इतर जातींचेही होते. कंपनीने स्तंभ उभारायला घेतला, त्याची पायाभरणी २६ मार्च १८२१ ची. त्यावरच्या नावांत ज्यांच्या शेवटी 'नाक' येते अशी २२ नावे महार शिपायांची आहेत. स्तंभ इंग्रजांनी स्वतःच्या मोठेपणासाठी बांधला यात शंका नाही. पण दगडावर कोरताना त्यांना ती नावे वगळता आली नाहीत, आणि आपल्या माणसांची नावे सरकारी दगडावर असण्याचा तो काळ नव्हता. म्हणूनच बाबासाहेब १ जानेवारी १९२७ रोजी तिथे गेले. लेखी पुरावा होता तो. कुणी म्हटले की महार लढाऊ नाहीत, तर दाखवायला.

आणि नेमके तेच म्हटले गेले. १८९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत इंग्रज सरकारने लढाऊ जाती आणि बिगर लढाऊ जाती अशी वर्गवारी करून महारांची भरती बंद केली. ज्या घरांत दोन-दोन पिढ्या फौजेत होत्या त्या घरांचा दरवाजा एका परिपत्रकाने बंद झाला. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार होते, आजोबा मालोजीही फौजेत होते, खुद्द बाबासाहेबांचा जन्म महूच्या लष्करी छावणीतला. फौजेतली शाळा, पगार, पेन्शन यांतूनच आपल्यातली पहिली शिकलेली माणसे निघाली. भरती बंद म्हणजे ते सगळे बंद. निवृत्त हवालदार गोपाळ बाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये अर्ज केला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये केला. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ महार नावाची पलटण उभी राहिली, आणि युद्ध संपताच १९२१ मध्ये मोडली. गरज होती तोवर लढाऊ, गरज संपली की बिगर लढाऊ. कारकून माणूस म्हणून मला या असल्या नोंदींची चीड येते. जमा बाजूला माणूस लिहायचा आणि वर्ष संपले की खोडायचा.

दुसऱ्या महायुद्धात मात्र बाबासाहेब स्वतः व्हाइसरॉयच्या संरक्षणविषयक सल्लागार मंडळावर होते. १९४१ च्या जुलैमध्ये त्यांची नेमणूक झाली आणि महारांची स्वतंत्र रेजिमेंट हवी हा आग्रह त्यांनी लावून धरला. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला पहिली बटालियन उभी राहिली. दुसरी १९४२ मध्ये कामठीला. या दुसऱ्या बटालियनमधल्या कॅप्टन मॉर्टलमन्स नावाच्या अधिकाऱ्याने टोपीचा बिल्ला तयार केला. त्यात दोनच गोष्टी होत्या, कोरेगावचा स्तंभ आणि 'महार' हा शब्द. बस. बंदूक नव्हती, तलवार नव्हती.

मला हा पहिला बिल्ला फार महत्त्वाचा वाटतो. ज्या शब्दाने हाक मारली की माणूस दारातून मागे सरायचा, तो शब्द पितळेत ओतून टोपीवर बसवला. आणि त्या शब्दाला कुणी विचारले की तुझा पुरावा काय, तर त्याच्या जोडीला स्तंभ. आपण १९५६ नंतर बौद्ध झालो, ते नाव आपण टाकले आणि योग्यच केले. तरी ज्या शिपायाने १९४२ साली तो बिल्ला टोपीला लावून आरशात पाहिले असेल, त्याच्या मनात काय आले असेल याचा विचार करून पाहा.

१९४६ मध्ये रेजिमेंटला मशीनगनचे काम मिळाले. तेव्हा बिल्ल्यात दोन व्हिकर्स मशीनगन आल्या, एकमेकींवर तिरक्या, आणि स्तंभ राहिला. काकांच्या वडिलांचा बिल्ला तो हाच. ही व्हिकर्स बंदूक पाण्याने थंड ठेवावी लागे. तिच्या नळीभोवती पाण्याचे भांडे, खाली तिपाई, बाजूने २५० गोळ्यांचा कापडी पट्टा. एका माणसाचे ते काम नव्हे. एकाने बंदूक उचलायची, एकाने तिपाई, एकाने पाणी, एकाने गोळ्यांच्या पेट्या. चिन्हशास्त्रात एकमेकांवर तिरकी ठेवलेली शस्त्रे ही जुनी पद्धत आहे. पूर्वी तलवारी असत, इथे मशीनगन आल्या. म्हणजे ही पलटण काय काम करते ते बिल्ल्यानेच सांगितले. पण गंमत बघा, पुढे साठच्या दशकात रेजिमेंट इतरांसारखी साधी पायदळाची झाली, व्हिकर्स बंदूक तर आता वस्तुसंग्रहालयात गेली, तरी बिल्ल्यावर ती अजून आहे. आज कुणीच जी चालवत नाही तीच बंदूक त्या पोराच्या मोबाईलवर होती.

१९४७ च्या फाळणीत या रेजिमेंटच्या तुकड्या पंजाबात निर्वासितांच्या काफिल्यांना सोबत करत होत्या. काकांचे वडील त्यांत होते. त्यांनी घरी एवढेच सांगितले होते की तिथे जात विचारायला कुणाला वेळ नव्हता, सगळे पाणी मागत होते, आणि व्हिकर्सच्या नळीसाठी ठेवलेले पाणी त्यांनी एका बाईच्या लेकराला पाजले म्हणून त्यांना बोलणी बसली. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला तेव्हा वीस वर्षे झाली होती.

स्वातंत्र्यानंतर चिन्हे बदलली. अधिकाऱ्यांच्या खांद्यावरचा इंग्रजी राजमुकुट गेला आणि त्या जागी सारनाथच्या अशोकस्तंभाचे सिंह आले. राष्ट्रध्वजाच्या समितीत बाबासाहेब होते. २२ जुलै १९४७ रोजी घटना समितीने ध्वज मंजूर केला तेव्हा मध्ये अशोकाचे चक्र आले. ज्या सम्राटाने कलिंगानंतर युद्ध सोडले त्याचे सिंह आज फौजेतल्या अधिकाऱ्याच्या खांद्यावर आहेत. अक्कांना हे फार आवडले. "म्हणजे तिथंही तथागत आहेतच," त्या म्हणाल्या. सारनाथ हे पहिल्या प्रवचनाचे ठिकाण, तेव्हा त्यांचे म्हणणे काही चुकीचे नाही.

महार रेजिमेंटचे केंद्र पुढे मध्य प्रदेशात सागरला गेले. 'यश सिद्धी' हे तिचे ब्रीद. आता तिच्यात सगळ्या प्रांतांचे, सगळ्या समाजांचे जवान असतात. जनरल कृष्ण राव आणि जनरल सुंदरजी हे दोन लष्करप्रमुख याच रेजिमेंटमधून आले. २५ नोव्हेंबर १९८७ रोजी श्रीलंकेत आठव्या महार बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन छातीत गोळी लागलेली असताना लढले आणि गेले, त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. ते आपल्या जातीचे नव्हते. टोपीवर बिल्ला मात्र हाच होता. आणि याच वाटचालीत केव्हातरी बिल्ल्यातला स्तंभ गेला आणि खंजीर आला.

इथे पोरगा पुन्हा तापला. "काढलाच का स्तंभ?" काकांना त्याने जवळजवळ जाब विचारला. काका म्हणाले, "मी भरती झालो, मला दिला तो मी लावला. शिपाई बिल्ला निवडत नसतो." माझे मत विचाराल तर मला तो बदल रुचत नाही. खंजीर कोणत्याही पलटणीला चालेल. स्तंभ दुसऱ्या कुणाला चालला नसता. पण हेही मान्य केले पाहिजे की बिल्ल्यावरून गेला तरी स्तंभ जागचा हलला नाही. २०१८ च्या १ जानेवारीला, द्विशताब्दीच्या दिवशी, तिथे दगडफेक आणि जाळपोळ झाली, तरी पुढच्या वर्षी माणसे आलीच. पोरे, म्हाताऱ्या, कडेवरची लेकरे. त्यांच्या टोपीला बिल्ला नव्हता.

मग काकांनी बँडचे सांगितले, आणि माझे मत बदलले ते तिथे.

आपल्याला वाटते बँडवाला म्हणजे आरामाची नोकरी. परेडला वाजवायचे, साहेबांच्या मेजवानीला वाजवायचे. काकाही भरती झाल्यावर हेच समजत होते. पचमढीला लष्कराचे संगीत शिकवणारे केंद्र आहे, १९५० साली जनरल करिअप्पांच्या पुढाकाराने सुरू झालेले. तिथे ते नोटेशन शिकले. गावी आजा लग्नात वाजवायचा, पण पंगत उठल्यावर जेवायचा, आणि वाजवणे हे गावकीचे काम म्हणून फुकट. इथे तेच फुंकणे पगारावर, गणवेशात, कागदावर लिहिलेल्या सुरांवर. पण पचमढीच्या आधी आणि नंतरही त्यांना दुसरे एक काम शिकवले गेले, जखमी उचलण्याचे. लढाई सुरू झाली की बँडची वाद्ये पेट्यांत बंद होतात आणि बँडवाले स्ट्रेचर घेतात. ही इंग्रजांच्या वेळेपासूनची पद्धत आहे.

१९७१ मध्ये काका पश्चिमेच्या आघाडीवर होते. तीन रात्री त्यांनी आणि बँडमधल्या एका ट्रंपेटवाल्याने मिळून माणसे मागे आणली. किती, ते त्यांनी मोजले नाही. "क्लॅरोनेट वाजवणाऱ्याची बोटं हलकी लागतात," ते म्हणाले. "त्या तीन रात्रींनंतर महिनाभर माझी बोटं वळत नव्हती. बँड मास्तर म्हणाला, राहू दे, तू सध्या झांज वाजव."

अक्कांनी विचारले, "भीती नाही वाटली?"

"वाटली की. पण अंधारात बिल्ला दिसत नाही, अक्का. स्ट्रेचरवरचा कोण आहे ते पण दिसत नाही. तो पंजाबी होता का आपला होता का गढवाली, मला सकाळी कळायचं. कधी कधी सकाळी पण नाही."

काकी चहाचे कप उचलत होत्या, त्या मध्येच म्हणाल्या, "मला तर हे आजच कळतंय. लग्नाला पन्नास वर्षं झाली." काकांनी डबी बंद केली.

पोरगा बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारले, "काका, मग आमच्या ढोलावर हा बिल्ला रंगवला तर चालेल का नाही?" काका म्हणाले, "नाही. तो पलटणीचा ढोल नाही. पलटणीचं निशाण पलटणीच्या ढोलावर. तू भरती हो, टोपीला लाव, मग घरी ये, मी स्वतः तुझा फोटो काढीन. जयंतीचा ढोल वस्तीचा आहे. त्याच्यावर वस्तीचं पाहिजे." पोराला लागले असावे. पण त्याच्या प्रश्नाचे उत्तरही त्यात होते. बंदुकीची लाज वाटते म्हणून नाही, ती कमवावी लागते म्हणून नाही.

दुसऱ्या दिवशी रात्री पुन्हा बैठक बसली. मी सगळे जसेच्या तसे सांगितले. वाद झालाच. एकजण म्हणाला नुसते मंडळाचे नाव लिहा, स्वस्तात होईल. एकाने हत्ती सुचवला, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे निवडणूक चिन्ह म्हणून, पण आज तो कोणत्या पक्षाचा यावर भांडण होईल म्हणून मागे पडला. कुणी पंचरंगी धम्मध्वज म्हणाले, तो चामड्यावर नीट उठणार नाही असे पेंटरनेच सांगितले. शेवटी अक्कांचा आणि पोरांचा मिळून ठराव झाला. ढोलाला दोन बाजू असतात. ज्या बाजूला टोला बसतो तिथे रंग टिकणार नाही, ही काकांची सूचना, म्हणून टोल्याची जागा सोडून कडेने निळा पट्टा. एका बाजूला धम्मचक्र. दुसऱ्या बाजूला कोरेगावचा स्तंभ, एकटा, १९४२ च्या बिल्ल्यासारखा. मात्र त्याच्याखाली तेव्हाचा शब्द नाही. त्याखाली काय लिहायचे यावर अर्धा तास गेला, आणि काहीच लिहायचे नाही असे ठरले. रंगाचा खर्च सहाशे रुपये, मी किरकोळ खर्चात लिहिला. हिशेब तपासनीस विचारतील तर हा अंक दाखवीन.

काका आता रोज संध्याकाळी विहारामागच्या मोकळ्या जागेत पोरांना ढोलाची काठी कशी धरायची ते शिकवतात. भरतीवाला पोरगा मोठा ढोल वाजवणार आहे. पळून पळून त्याच्या पायाला ताल आला आहे, असे काकांचे म्हणणे. मुलींनी साइड ड्रम मागितले आहेत, दोन दिले, तिसऱ्यावरून अजून कुरबूर चालू आहे.

पेंटर काल आला होता. त्याने आधी खडूने आकृती काढून घेतली. स्तंभ छान उतरला आहे, वर निमुळता होत गेलेला. चक्र काढून तो चहाला गेला तेव्हा अक्का ढोलापाशी उभ्या राहून बोटाने आरे मोजत होत्या. सात भरले. त्यांनी पुन्हा मोजले, मग पदराने अर्धे चक्र पुसले आणि पेंटरला हाक मारली, "अहो पेंटर, अष्टांगिक मार्ग आहे तो. एक आरा कुठं ठेवलात?"